चौकशी ते ऑर्डर: मधला हिशेब कुणाकडे?

तालुक्याच्या गावात छतावर सौर पॅनेल बसवून देणाऱ्या व्यावसायिकाचं उदाहरण घेऊ. फेब्रुवारी २०२४ मध्ये 'पीएम सूर्यघर' योजना आली, तीन किलोवॉटच्या संचाला ७८ हजार रुपये अनुदान जाहीर झालं आणि चौकश्या वाढल्या. कुणी फेसबुकवरच्या जाहिरातीतला फॉर्म भरतो, कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर वीजबिलाचा फोटो पाठवतो, कुणी शेजारच्या छतावर पॅनेल पाहून दुकानात येतो. लगेच ऑर्डर देणारे थोडेच. जागेची पाहणी, कोटेशन, बँकेचं कर्ज, पोर्टलवरचा अर्ज, महावितरणचा नेट मीटर असे टप्पे असतात आणि मध्ये 'दिवाळीनंतर बघू' हे ठरलेलं असतं. तोवर त्या गिऱ्हाइकाची माहिती मालकाच्या डायरीत, सेल्समनच्या मोबाइलमध्ये, एक्सेलमध्ये आणि जाहिरात करणाऱ्या एजन्सीकडे विखुरलेली राहते. दिवाळी होऊन जाते, फोन करायचा राहतो.

हे सगळं एकाच ठिकाणी सांभाळू, असं सांगणारी सॉफ्टवेअर बाजारात पुष्कळ आहेत. त्यांना सीआरएम म्हणतात. निवडताना बहुतेक जण सुविधांची यादी मोजतात. मोजायचं असतं वेगळंच.

जाहिरात कुठली, ऑर्डर कुठली?

समजा, फेसबुकवर २० हजार रुपये खर्चून २०० चौकश्या आल्या आणि त्यांतून दोन ऑर्डर मिळाल्या. तेवढेच पैसे सोसायट्यांमधल्या प्रात्यक्षिकांवर घातले, तर ३० चौकश्या आणि सहा ऑर्डर. चौकशीमागचा खर्च पाहिला तर फेसबुक स्वस्त: तिथे १०० रुपये, सोसायटीत सुमारे ६६७. पण ऑर्डरमागचा खर्च फेसबुकवर १० हजार आणि सोसायटीत ३,३३३ रुपये. जाहिरातवाला पहिला आकडा दाखवतो आणि सेल्समन 'लीड फालतू आहेत' म्हणून कुरकुरतो. भांडण मिटायचं तर जाहिरातीपासून ऑर्डरपर्यंत प्रत्येक गिऱ्हाइकाची एकच नोंद हवी. विक्री आणि मार्केटिंग एकत्र आणण्याचा खरा फायदा हाच.

बाजारातल्या कंपन्या मात्र वेगवेगळ्या वाटांनी इथवर आल्या. १९९९ मध्ये सुरू झालेल्या सेल्सफोर्सचा पाया विक्रीचा. मार्केटिंगसाठी तिने २०१३ मध्ये एक्झॅक्टटार्गेट ही कंपनी विकत घेतली. २००६ ची हबस्पॉट मार्केटिंगमधून आली. तिचं सीआरएम २०१४ मध्ये आलं. आपल्याकडच्या झोहोचं सीआरएम २००५ चं, पण छोट्या धंद्यांसाठी तिने २०२० मध्ये 'बिगिन' हे सुटसुटीत उत्पादन वेगळं काढलं. म्हणून दोन बाजूंचा सांधा कसा बसलाय, ते आपणच तपासावं.

बहुतेक कंपन्या काही दिवस सॉफ्टवेअर फुकट वापरू देतात. त्या मुदतीत विक्रेत्याचा डेमो बाजूला ठेवा. स्वतःच्या मोबाइलवरून जाहिरातीचा फॉर्म भरा, त्याच नंबरवरून व्हॉट्सअ‍ॅप करा, मग कोटेशन काढून ऑर्डर झाल्याची नोंद करा. एकाच माणसाच्या दोन नोंदी झाल्या का? ही ऑर्डर कुठल्या जाहिरातीतून आली, हे सॉफ्टवेअर सांगतं का? बिल टॅलीत होत असेल, तर पार्टीचं नाव पुन्हा टाइप करावं लागतं का? या उत्तरांवर निवड ठरते.

किंमत दोन बाजूंनी वाढते

विक्रीच्या भागाचे पैसे साधारणपणे माणशी, दरमहा मोजतात. मार्केटिंगचा दर अनेकदा यादीत किती नावं आहेत, त्यावर असतो. म्हणजे स्टाफ तेवढाच राहिला तरी जुन्या चौकश्या साठत गेल्या की बिल चढतं. वर १८ टक्के जीएसटी. आजचा दर विचारून थांबू नका. यादी पाच हजार नावांची झाल्यावर किती पडेल, तेही लेखी घ्या.

व्हॉट्सअ‍ॅपचा खर्च निराळा. साध्या बिझनेस अ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जणांची मर्यादा आहे आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय, त्यांनाच तो मेसेज पोचतो. सॉफ्टवेअरमधून मोठ्या संख्येने मेसेज पाठवायचे तर मेटाची एपीआय लागते. त्यात मजकुराचा साचा आधी मंजूर करून घ्यावा लागतो आणि प्रचाराच्या मेसेजचे पैसे पडतात. एसएमएससाठी ट्रायच्या २०१८ च्या नियमांनुसार डीएलटी नोंदणी लागते. शिवाय २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार संमती जितक्या सहज दिली, तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे. 'मेसेज नकोत' म्हणणाऱ्याची नोंद सॉफ्टवेअर सगळीकडे पाळतं का, हेही पाहा.

भरणार कोण?

सॉफ्टवेअर बंद पडतं ते बहुधा नोंदी न झाल्यामुळे. पाहणीला गेलेला माणूस छतावर उभा राहून, उन्हात, मोबाइलवर नोंद करणार आहे. त्याला वीस रकाने दिले तर तो एकही भरणार नाही. नाव, नंबर, चौकशी कुठून आली, टप्पा आणि पुढच्या फोनची तारीख, एवढ्यावर सुरुवात होते. निवडीच्या बैठकीत मालकासोबत हा माणूसही हवा.

पैसे भरण्याआधी सगळी माहिती एक्सेलमध्ये बाहेर काढून बघा. फोनवर काय बोलणं झालं त्याच्या टिपा आणि तारखाही त्यात आल्या पाहिजेत. नुसती नावं-नंबर मिळत असतील, तर पुढे सॉफ्टवेअर बदलणं अवघड जाईल.

आठवड्याला चार-पाचच चौकश्या येत असतील, तर सध्या एक्सेल पुरे. त्यात 'कुठून आली' आणि 'पुढचा फोन' हे दोन रकाने मात्र आजच वाढवा. महिनाभर तेही भरले जात नसतील, तर सॉफ्टवेअरचे पैसे वाचवा आणि आधी ती सवय लावा.