आवारातला जुना कडुनिंब तोडावा का?

नागपूरचा उन्हाळा नुसता तापत नाही, तो वादळेही घेऊन येतो. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांच्या घरात जातो. मग एखाद्या संध्याकाळी धुळीचे लोट उठतात, सोसाट्याचा वारा सुटतो आणि पावसाबरोबर गाराही पडतात. दुसऱ्या दिवशी मोडलेल्या झाडांची चर्चा गल्लीगल्लीत असते. तेव्हा हितचिंतक मला हमखास विचारतात, "एवढी मोठी झाडं वसतिगृहाजवळ ठेवता तरी कशाला?"

प्रश्न रास्त आहे. भामरागड, धारणीकडची लेकरे आईवडिलांनी आपल्या भरवशावर इथे ठेवली आहेत. गेल्या वर्षी कडुनिंबाची मांडीएवढी फांदी त्यांच्या खोलीच्या टिनांवर पडली. मुले तेव्हा जेवायला गेली होती. पुढच्या बैठकीत झाड तोडण्याचा विचार निघाला. आवाराची देखभाल माझ्याकडे असल्याने 'आधी झाड तपासू, मग ठरवू' असे मी सुचवले. त्या तपासणीत जे हाती आले ते सर्वांच्या उपयोगाचे आहे.

झाड केवळ म्हातारे झाले म्हणून पडत नाही. बहुधा आपण त्याची मुळे दुबळी केलेली असतात. झाड वर जेवढे उंच तेवढेच खाली खोल असते, अशी आपली समजूत. प्रत्यक्षात बहुतेक मुळे वरच्या दोन फूट मातीत असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही पुढे पसरतात. म्हणजे नळासाठी खणलेला चर, गटाराची भिंत, बुंध्याला भिडवलेले सिमेंटचे गट्टू हे सगळे थेट मुळांवरच येते. वारा दुप्पट वेगाने आला की त्याचा जोर चौपट होतो, आणि तो पेलायला एका बाजूची मुळेच नसतात. त्यात आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पाणी मिळाले की फुगून मऊ पडते.

माती दबली तरी झाडाचा श्वास कोंडतो. याचे मोठे उदाहरण लंडनच्या क्यू उद्यानातले. तिथे १७९८ मध्ये लावलेला एक ओक आहे. ऑक्टोबर १९८७ च्या महावादळाने तो मुळांसकट उचलला आणि पुन्हा जागेवर बसवला. आता हे मरणार, असे सर्वांना वाटले. पण तीन वर्षांनी ते झाड आधीपेक्षा जोमदार दिसू लागले! तिथले वृक्षतज्ज्ञ टोनी कर्कहॅम यांना कारण उमगले: वर्षानुवर्षे लोकांच्या पायांखाली घट्ट झालेली माती वादळाने मोकळी केली होती. तेव्हापासून तिथे जुन्या झाडांभोवतीची माती मुद्दाम मोकळी करतात. आपल्याकडे राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीच्या प्रकरणात झाडाभोवतीचे एक मीटरमधले सिमेंट काढायला सांगितले, ते याच कारणाने.

दुसरा घात छाटणीचा. वादळाच्या भीतीने झाडाचा शेंडाच उडवायचा, ही पद्धत फार वाईट. कापलेल्या टोकाशी झाडूसारखे फुटवे येतात. ते वरच्या सालीलगत चिकटलेले असतात, भराभर वाढतात आणि काही वर्षांनी तेच मोडून पडतात. आमची पडलेली फांदी अशाच जुन्या छाटणीवरची निघाली. अमेरिकेतील ॲलेक्स शिगो यांनी हजारो झाडे उभी चिरून दाखवले की झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही. झाड कुजका भाग आतून भिंत घालून बंदिस्त करते. फांदी जिथून निघते तिथला फुगीर कडा शाबूत राहिला तरच हे नीट साधते. म्हणून काप त्या कड्याच्या बाहेर घ्यावा. खुंट ठेवू नये आणि बुंध्याला घासूनही कापू नये. जड फांदी असेल तर आधी हातभर अंतरावर खालून थोडे कापावे, मग त्याच्या जरा पुढे वरून. नाहीतर पडणारी फांदी खोडाची साल सोलत नेते. कापावर डांबर किंवा रंग फासण्याने काही साधत नाही.

तपासणीत मुलांची फार मदत झाली. मोहाखाली वाढलेली ही मुले झाड वाचतात. बुंध्याशी उगवलेली लाकडासारखी कठीण भूछत्रे त्यांनी माझ्याआधी पाहिली, पण ती कडुनिंबावर नव्हती, स्वयंपाकघरामागच्या गुलमोहरावर होती. तो कलला होता आणि कललेल्या दिशेच्या उलट बाजूला जमीन उचलली गेली होती. ही दोन लक्षणे एकत्र दिसली की हळवे होऊ नये. गुलमोहर परवानगी घेऊन तोडला. कडुनिंब ठेवला. त्याच्याभोवतीचे गट्टू काढून पालापाचोळा पसरला, आणि थंडी ओसरताना, नवी पालवी येण्याआधी, टिनांवरच्या फांद्या जाणकाराकडून हलक्या करून घेतल्या. मुलांच्या खाटाही त्या बाजूने हलवल्या, कारण कोणत्याही झाडाची हमी कुणी देऊ शकत नाही.

परवानगीचे विसरू नका. शहरी भागात झाड आपल्या अंगणातले असले तरी १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार ते तोडण्यासाठी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षे व त्याहून जुनी झाडे वारसा वृक्ष मानली जातात. अर्ज पावसाळ्याच्या तोंडावर न करता दिवाळीनंतर करावा, म्हणजे तपासणीला आणि छाटणीला सवड मिळते.

आणि वादळ सुरू झाले की कोणत्याही झाडाखाली थांबू नका, मग ते कितीही निरोगी असो. फांदीइतकीच भीती विजेची असते. पक्क्या घरात जा. वारा थांबल्यावर लगेच फांद्या उचलायला धावू नका. आधी वर अडकलेली फांदी आणि खाली लोंबणारी तार पाहा. तार दिसली तर मुलांना लांब ठेवून वीज कार्यालयाला कळवा.