डोंगर साक्ष देतो

सिद्धगडाचे नाव निघाले की कर्जतच्या माणसाला भाई कोतवाल आठवतात. 2 जानेवारी 1943 रोजी तिथल्या रानात इंग्रज सरकारच्या पोलिसांनी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना गोळ्या घातल्या. डोंगर मुका असतो. पण त्याच्याकडे पाहिले की गोष्ट आठवते.

खालापूरहून पश्चिमेला, पनवेलच्या पलीकडे, उरण तालुक्यात चिरनेर गाव आहे. तिथला अक्कादेवीचा डोंगरही असाच. लोक पिढ्यान् पिढ्या रानातून लाकूडफाटा आणत. इंग्रजांनी जंगलचा कायदा केला. रान सरकारी झाले. लाकूड तोडले तर गुन्हा! 25 सप्टेंबर 1930 रोजी लोक कोयते-कुऱ्हाडी घेऊन सत्याग्रहाला गेले. पोलिसांनी गोळीबार केला. 8 जण हुतात्मे झाले. त्यांत नाग्या महादू कातकरी होते.

चिरनेरला हुतात्म्यांचे स्मारक आहे. पण जिथे स्मारक नाही, कागदही नाही, तिथली आठवण कशी राहायची?

समुद्रापलीकडे ऑस्ट्रेलिया देश आहे. तिथेही आदिवासी आहेत. 1788 साली इंग्रज तिथे वस्ती करायला आले. पुढे गुरांच्या कुरणांसाठी त्यांनी आदिवासींच्या जमिनी घेतल्या. अनेक ठिकाणी माणसेही मारली.

तिथल्या किंबर्ली मुलुखात गिजा नावाचे आदिवासी राहतात. त्यांची म्हातारी माणसं एक गोष्ट सांगत आली. 1924 च्या सुमाराची. बेडफर्ड डाउन्स या गोऱ्यांच्या कुरणावर काही आदिवासींवर बैल मारल्याचा आळ आला. गोऱ्यांनी त्यांना लाकडे तोडायला लावली. मग अन्नात विष घालून जेवायला दिले. आणि त्यांनीच तोडलेल्या लाकडांवर त्यांची प्रेते जाळली.

कागदावर पुरावा कुठे आहे, असे काही शिकलेले लोक विचारत. मग आदिवासींनी चित्रे काढली. रोव्हर थॉमस हे गुरे हाकणारे आदिवासी. पॅडी बेडफर्ड हे गिजा. दोघांनी ही जागा रंगवली. रंग कोणते? गेरू, पिवळी माती, पांढरी माती, कोळसा. आकाशातून घारीला दिसावी तशी जमीन त्यांनी काढली. टेकडी, नदी, वाट. कडेने पांढरे ठिपके. अनोळखी माणसाला तो नुसता माळ वाटतो. पण ज्याला ठिकाण ठाऊक आहे, तो बोट ठेवून सगळी हकीकत सांगू शकतो.

1990 साली रोव्हर थॉमस यांची चित्रे इटलीत व्हेनिसच्या मोठ्या प्रदर्शनात गेली. 2002 साली मेलबर्न शहरात अशा कत्तलींच्या चित्रांचे प्रदर्शन भरले. जे घडले ते शहरातल्या लोकांनाही पाहावे लागले.

गेरू आपल्याकडेही आहे. तांदळाची पिठी आहे. भट्टीचा कोळसा तर आपल्या ओळखीचाच. वाडीतल्या जाणत्या माणसांना विचारा, "आजोबा, या रानात काय घडलं? या माळाला हे नाव कसं पडलं?" ते सांगतील ती जागा भिंतीवर किंवा कागदावर काढा. ओढा कुठे, वाट कुठे, झाड कुठे, ते नीट दाखवा. ऐकले तेवढेच काढा, पदरचे घालू नका. जाणती माणसे गेली की विचारणार कोणाला?

आणि चित्राखाली गावाचे नाव, साल आणि माणसांची नावे लिहा. आता आपल्याला लिहिता येते.