झाडाला दुखतं का?

दिवेलागणीनंतर तुळशीचं पान खुडायचं नाही, झाड झोपलेलं असतं, असं रत्नागिरीत आजही पोरांना बजावलं जातं. दारातल्या तुळशीला खरंच काही जाणवतं का?

पावसाळ्यात बांधावर पसरणाऱ्या लाजाळूपासून सुरुवात करू. पानाला बोट लागताच विजेचा संदेश देठाकडे धावतो. पानांच्या बुडाशी असलेल्या फुगीर सांध्यातल्या पेशींतून पोटॅशियमचे आयन आणि त्यांच्यामागोमाग पाणी बाहेर पडतं. सांधा ढिला होतो, पानं मिटतात. मासात्सुगु टोयोटा आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी 2022 मध्ये मिटू न शकणारी लाजाळू तयार केली, तेव्हा नाकतोड्यांनी तिची पानं अधिक फस्त केली. लाजणं हा बचाव आहे. टोयोटा यांनीच 2018 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांबरोबर दाखवलं होतं, की अळीनं एक पान कुरतडलं की ग्लुटामेट हे रसायन सुटतं आणि कॅल्शियमची लाट काही मिनिटांत दूरच्या पानांना सावध करते. आपल्या मेंदूतही ग्लुटामेट निरोप्याचं काम करतं.

या साम्यामुळे भुलायला होतं. जगदीशचंद्र बोस यांनी 1901 मध्ये लंडनमध्ये वनस्पतींचे विद्युत प्रतिसाद दाखवले, तेव्हापासून झाडाला मन आहे अशी आशा अनेकांनी धरली. ईथरची वाफ दिली की लाजाळू मिटत नाही. भूल चढते त्या अर्थी शुद्धही असणार, असं काहींना वाटतं. पण भुलीची औषधं पेशींच्या पडद्यांवर परिणाम करतात, आणि पडदे सगळ्याच पेशींना असतात. इजेची खबर पोहोचणं वेगळं आणि ती कुणाला तरी सोसावी लागणं वेगळं. झाडात मज्जातंतू नाहीत, मेंदू नाही. त्याला वेदना होतात याचा पुरावा आज नाही, आणि तो आहे असं सांगणं मला अप्रामाणिकपणाचं वाटतं.

पण दुखत नाही म्हणून वाटेल तसं वागावं का? स्वित्झर्लंडच्या राज्यघटनेत सजीवांच्या प्रतिष्ठेचा उल्लेख आहे. तिथल्या सरकारी नीती समितीनं 2008 मध्ये एकमतानं म्हटलं, की वनस्पतीला विनाकारण इजा करणं नैतिकदृष्ट्या गैर आहे. कोकणातल्या देवराईत कौल घेतल्याशिवाय कुऱ्हाड न चालवणाऱ्या गावांना हे नवं वाटणार नाही.

माझ्या मते हा प्रश्न कुंडीपेक्षा हापूसच्या बागेत जास्त बोचतो. हापूस एका वर्षी भरभरून येतो, दुसऱ्या वर्षी विसावतो. कल्टार, म्हणजे पॅक्लोब्युट्राझोल, मुळाशी घातलं की जिबरेलिन हे वाढीचं संप्रेरक दबतं, पालवी आवरते, मोहोर लवकर आणि दरवर्षी येतो. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस झाडाच्या घेरानुसार मोजून मात्रा देण्याची आहे, आणि जास्त फळ धरणाऱ्या झाडाला खतही तसंच लागतं. करारानं घेतलेल्या बागेत मात्र हंगामापुरता हिशेब करून मात्रा वाढवली, खत टाळलं, तर फांद्या वाळू लागतात, कलम खचतं. झाडाला भरभराटीचं आणि खचण्याचं स्वतःचं माप असतं. ते बागायतदाराला पालवीवरून वाचता येतं. बागेच्या करारपत्रात भाव आणि मुदत लिहिली जाते, तशी कल्टारची मात्रा, शेणखताचे घमेले आणि कलमांना विश्रांतीचं एखादं वर्षही लिहून घ्यायला हवं.