उष्णतेचें चित्र : त्याचा उपयोग व त्याची मर्यादा

मनुष्य, गुरें, झाडें, दगड, माती, जगांतील प्रत्येक वस्तु आपल्या उष्णतेच्या मानानें एक प्रकारचे किरण सतत बाहेर टाकीत असते. हे किरण डोळ्यांस दिसत नाहींत. परंतु चुलीसमोर हात धरला असतां कातडीस त्यांची ओळख पटते. सन १८०० मध्यें विल्यम हर्शेल या ज्योतिर्विदानें लोलकाच्या साहाय्यानें सूर्यप्रकाशाचे रंग वेगळे पाडले व प्रत्येक रंगांत थर्मामीटर ठेवून पाहिला. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथें कांहींच प्रकाश दिसत नव्हता, तेथें पारा सर्वांत अधिक चढला. या अदृश्य किरणांस अवरक्त किरण असें म्हणतात. ते मोजून वस्तूचा कोणता भाग ऊन व कोणता थंड हें पडद्यावर रंगांनीं दाखविणारा कॅमेरा आतां मोबाईलला जोडण्याइतका लहान झाला आहे. तो घेण्यापूर्वीं त्याच्यानें काय होतें व काय होत नाहीं हें कर्जत-खालापूरकडील शेतकरी बंधूंनीं समजून घेणें अगत्याचें आहे.

सर्व विवेचनाचें सार एका नियमांत आहे : हा कॅमेरा वस्तूच्या पृष्ठभागाची उष्णता दाखवितो, वस्तूच्या आंत पाहत नाहीं.

प्रथम वैद्यकाकडे पाहूं. रोग्याच्या अंगास ओली माती लावावी व जेथें ती आधीं वाळेल तेथें रोग आहे असें समजावें, ही युक्ति ग्रीक वैद्य हिपोक्रेटीस याच्या नांवावर सांगितली जाते. सन १९५६ मध्यें मॉन्ट्रियल येथील डॉक्टर रे लॉसन यांनीं स्तनाच्या कर्करोगाच्या जागीं कातडी अधिक उष्ण असते असें दाखविलें, तेव्हांपासून या चित्रांचा वैद्यकांत अभ्यास सुरू झाला. तथापि अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्यानें स्पष्ट बजावलें आहे कीं, हें चित्र मॅमोग्राफीच्या तपासणीची जागा घेऊं शकत नाहीं. घरांतील स्त्रियांची तपासणी केवळ अशा चित्रावर भागवूं नये. सन २०२० च्या सांथींत दारोदारीं कपाळासमोर धरलेलें यंत्रही याच किरणांवर चालत असे. त्यास ताप कळे, रोग कळत नसे. ज्यास ताप नाहीं असा रोगी त्यापुढून सहज निघून जाई.

आपणांस अधिक जवळचा विषय म्हणजे गुरें. कासदाहांत, ज्यास आपण दगडी म्हणतों, सुजलेल्या भागाकडे रक्त अधिक धांवतें व तेथील कातडी तापते. अनुभवी गवळी उपड्या हातानें कांस चांचपून हेंच पाहतो. कॅमेरा त्याहून सूक्ष्म फरक दाखवितो. खुराचें दुखणेंही असेंच, चारी खूर शेजारीं शेजारीं पाहिले असतां, पुष्कळदां ओळखूं येतें. मात्र उन्हांत उभें असलेलें, नुकतेंच धुतलेलें किंवा शेणानें माखलेलें जनावर फसवें चित्र देतें. म्हणून पहाटे, सावलींत, अंग कोरडें व स्वच्छ असतां पाहावें, आणि एका सडाची तुलना दुसऱ्या सडाशीं करावी. फरक दिसल्यास दुधाच्या पहिल्या धारा काळ्या वाटींत काढून गुठळ्या पाहाव्या व पशुवैद्यास बोलवावें. ताप पाहण्यास मात्र गुदद्वारीं लावावयाचा थर्मामीटरच खरा. निरोगी गाईचें उष्णतामान सामान्यतः १०१ ते १०२.५ अंश फॅरेनहाईट असतें.

शेतांत पाहिलें तर, पान मुळांनीं ओढलेलें पाणी वाफेच्या रूपानें सोडतें व माठाप्रमाणें गार राहतें. ओल कमी झाली कीं पानाचीं रंध्रें मिटतात व तें तापूं लागतें. कोमेजण्यापूर्वींच हा फरक चित्रांत दिसतो. खांचरांत पाणी उभें असलेल्या भातास याचा फारसा उपयोग नाहीं. भाजीपाला व आंब्याचीं नवीं कलमें यांचें पाणी ठरवितांना आहे. भाताची उडवी दमट राहून आंतून तापली आहे काय, हें मात्र बाहेरून घेतलेल्या चित्रांत उशिरां दिसतें. तेथें लोखंडी सळई खुपसून थोड्या वेळानें काढून पाहणेंच बरें. उपग्रहही याच किरणांवरून वणवे टिपतात, व भारतीय वन सर्वेक्षण त्याची सूचना नांव नोंदविणाऱ्यांस मोबाईलवर पाठवितें. डोंगरालगत बागा असणाऱ्यांनीं हें नांव अवश्य नोंदवावें.

वरील नियमाचा अर्थ आपल्या तालुक्यानें फार कठोरपणें पाहिला आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं इर्शाळगडाच्या पायथ्याच्या इर्शाळवाडी या आदिवासी वस्तीवर दरड कोसळली. वर जाण्यास पायवाटच असल्यामुळें जड यंत्रें चढवितां आलीं नाहींत. २७ मृतदेह हातीं लागले. ५७ माणसें सांपडलीं नाहींत, आणि चार दिवसांनीं शोध थांबवावा लागला. अशा वेळीं उष्णतेचा कॅमेरा मातीखालचा माणूस कां दाखवीत नाहीं, असें कोणीही विचारील. उत्तर हेंच कीं, कांहीं हात जाडीच्या ओल्या मातीपलीकडे शरीराची ऊब पोंचत नाहीं. उघड्यावर, अंधारांत भरकटलेला माणूस तो दाखवील. गाडला गेलेला नाहीं.

पण हेच किरण आपत्तीच्या आधीं उपयोगीं पडतात. इन्सॅट उपग्रह रात्रींही ढगांच्या माथ्याची उष्णता मोजतात. माथा जितका थंड, तितका ढग उंच व बहुधा पाऊस जोराचा. या चित्रांचा आधार हवामानखात्याच्या इशाऱ्यांस असतो. तेव्हां अतिवृष्टीचा इशारा मिळाला, उतारावर नव्या भेगा दिसूं लागल्या किंवा झऱ्याचें पाणी एकाएकीं गढूळ झालें, तर वाडीनें रात्र होण्यापूर्वींच खालीं यावें.

कॅमेरा एकट्यानें घेण्यापेक्षां दूध संस्थेनें किंवा गांवच्या सोसायटीनें एक घेऊन पशुवैद्याच्या सल्ल्यानें वापरावा, हें खर्चाच्या दृष्टीनें श्रेयस्कर होय. हें यंत्र संशय दाखवितें. निर्णय हात, डोळा व जाणता वैद्य यांनींच करावयाचा आहे.