गावाहून कंपनीत आल्यावर कोलेस्टेरॉल का बदलते?

“आमच्या घराण्यात कुणालाच कोलेस्टेरॉल नव्हते, मग मलाच कसे?” पिंपरी-चिंचवड आणि चाकण परिसरातल्या दवाखान्यांत हा प्रश्न वरचेवर ऐकू येतो. विचारणारा बहुधा तिशी-चाळिशीतला असतो. मराठवाडा, विदर्भ, खानदेश किंवा परराज्यातून कामासाठी इथे आलेला असतो. कंपनीच्या वार्षिक तपासणीत रिपोर्टवर लाल खूण आलेली असते.

या प्रश्नाचे थोडक्यात उत्तर असे: कोलेस्टेरॉल काही अंशी आईवडिलांकडून येते, पण ते कायमचे ठरलेले नसते. राहणीमान बदलले की एका माणसाचे कोलेस्टेरॉल बदलते, आणि तसेच संपूर्ण समाजाचेही बदलते.

एकाच घरातली दोन भावंडे

ही गोष्ट भारतातच तपासली गेली आहे. 2005 ते 2007 या काळात लखनौ, नागपूर, हैदराबाद आणि बंगळूरु इथल्या कारखान्यांतील कामगारांचा मोठा अभ्यास झाला. गावाहून शहरात आलेल्या कामगारांची तुलना गावीच राहिलेल्या त्यांच्या सख्ख्या भावंडांशी करण्यात आली. गावाकडच्या पुरुषांचे रक्तदाब, रक्तातील चरबी आणि साखर हे तिन्ही शहरात आलेल्या पुरुषांपेक्षा कमी होते. मधुमेहाचे प्रमाण गावातल्या पुरुषांत सुमारे 6 टक्के, तर शहरात आलेल्यांत सुमारे 14 टक्के होते. स्त्रियांमध्ये रक्तातील चरबीचा असा फरक दिसला नाही.

आईवडील तेच, लहानपणीचे घर तेच. वेगळे होते ते नंतरचे जगणे. 1954 मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली, तेव्हापासून आपल्या पट्ट्यातही अशीच माणसे येत राहिली आहेत. म्हणून हा अभ्यास आपल्यालाही लागू पडतो.

जगात काय घडले?

1980 ते 2018 या काळातील 200 देशांची आकडेवारी एकत्र केल्यावर जगाचे सरासरी कोलेस्टेरॉल जवळजवळ तेवढेच राहिलेले दिसले. पण त्याची जागा बदलली. पश्चिम युरोपातील श्रीमंत देशांत ते उतरले, तर पूर्व आणि आग्नेय आशियात चढले.

फिनलंडचे उदाहरण लक्षात ठेवण्यासारखे आहे. तिथल्या नॉर्थ कॅरेलिया भागात ऐन कमावत्या वयाचे पुरुष हृदयविकाराने मोठ्या संख्येने दगावत होते. 1972 मध्ये तिथे गावपातळीवर मोहीम सुरू झाली. लोणी आणि साय असलेले दूध कमी झाले, भाज्या वाढल्या, धूम्रपान घटले. पुढील दशकांत पुरुषांचे सरासरी कोलेस्टेरॉल सुमारे एक पंचमांशाने उतरले आणि हृदयविकाराचे मृत्यूही खूप घटले. म्हणजे चढलेले कोलेस्टेरॉल खाली आणता येते.

आपल्याकडे फक्त ‘टोटल’ पाहू नका

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या एका मोठ्या पाहणीत महाराष्ट्राचाही समावेश होता. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार टोटल कोलेस्टेरॉल वाढलेले लोक सुमारे 14 टक्के होते. ट्रायग्लिसराइड वाढलेले सुमारे 30 टक्के, आणि एचडीएल म्हणजे ‘चांगले’ कोलेस्टेरॉल कमी असलेले तब्बल 72 टक्के होते. म्हणून केवळ टोटलचा आकडा पाहून निर्धास्त होणे धोक्याचे आहे.

एक उदाहरण पाहू. समजा रिपोर्ट असा आहे: टोटल 185, एचडीएल 32, ट्रायग्लिसराइड 240. टोटल 200 च्या आत आहे, म्हणून घरी सगळे म्हणतात, “नॉर्मल आहे.” आता 185 मधून 32 वजा करा. उरतात 153. हे ‘नॉन-एचडीएल’, म्हणजे रक्तवाहिन्यांत साचू शकणारे सगळे कोलेस्टेरॉल. धोका कमी असलेल्या माणसातही ते 130 च्या आत हवे. शिवाय एचडीएल पुरुषांत 40 आणि स्त्रियांत 50 च्या वर, तर ट्रायग्लिसराइड 150 च्या आत असावे. हा रिपोर्ट नॉर्मल नाही.

शिफ्ट सांभाळून काय करता येईल?

• ट्रायग्लिसराइड वाढण्यामागे साखर, मैदा, दारू आणि पोटाचा घेर ही मोठी कारणे आहेत. दिवसात पाच-सहा गोड चहा होत असतील तर आधी तिथे कात्री लावा.
• नाईट शिफ्टमध्ये वडापाव, फरसाण, बिस्किटे यांऐवजी घरची भाकरी-भाजी, उसळ, भाजलेले चणे-शेंगदाणे ठेवा.
• वनस्पती तूप आणि पुन्हा पुन्हा तापवलेले तेल टाळा. घरात माणशी महिन्याला अर्धा ते पाऊण लिटरपेक्षा जास्त तेल लागू नये.
• लाईनवर उभे राहून पाय दुखतात, पण तो व्यायाम नव्हे. आठवड्याला किमान 150 मिनिटे भरभर चाला. कंपनीच्या बसमधून एक थांबा आधी उतरलात तरी सुरुवात होते.
• विडी-सिगारेटमुळे एचडीएल कमी होते. तंबाखू आणि गुटखाही हृदयाला घातकच.

तपासणी आणि औषधे

कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या 2024 च्या सूचनांनुसार पहिली लिपिड तपासणी वयाच्या 18 व्या वर्षी करावी. घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल तर त्याआधीच करावी. पहिल्या तपासणीसाठी उपाशीपोटी जाण्याची गरज नसते. ट्रायग्लिसराइड फार वाढलेले आढळले तर डॉक्टर उपाशीपोटी पुन्हा तपासायला सांगू शकतात.

एलडीएल म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल साधारण माणसात 100 च्या आत हवे. मधुमेह असेल किंवा हृदयविकार होऊन गेला असेल तर त्याहून बरेच कमी हवे. ही मर्यादा प्रत्येकासाठी वेगळी असते, म्हणून शेजाऱ्याच्या रिपोर्टशी तुलना करू नका. एलडीएल 190 च्या वर असेल तर आनुवंशिक दोषाची शक्यता असते. अशा वेळी केवळ पथ्य पुरत नाही, आणि भावंडे व मुलांचीही तपासणी करावी लागते.

स्टॅटिनची गोळी सुरू असेल आणि रिपोर्ट चांगला आला, तर तो गोळीमुळेही चांगला आलेला असतो. ती स्वतःच्या मनाने बंद करू नका. अंग दुखत असेल तर डॉक्टरांना सांगा, मात्रा किंवा औषध बदलता येते.

वाढलेल्या कोलेस्टेरॉलची बहुधा कोणतीही लक्षणे नसतात. मात्र छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम, धाप असे काही झाले तर ॲसिडिटी समजून शिफ्ट संपायची वाट पाहू नका. लगेच 108 ला फोन करा.