रीत : खुद्द

हाताने लिहिलेले जुने सातबारा उतारे ज्यांच्या घरी ट्रंकेत जपून ठेवलेले असतील, त्यांनी ते एकदा उजेडात धरून वाचावेत. वरच्या अर्ध्या भागात गाव, तालुका, सर्व्हे नंबर, खातेदारांची नावे, त्यांतली काही कंसात गेलेली. खालच्या अर्ध्या भागात बाजरी, मठ, हुलगा, ज्वारी. पिकांच्याच शेजारी एक अरुंद रकाना असे, त्याचे नाव ‘रीत’. जमीन कोण आणि कोणत्या प्रकारे कसतो, ते तिथे लिहायचे. बहुतेक उताऱ्यांवर वर्षानुवर्षे तिथे एकच शब्द उतरत आला : खुद्द. म्हणजे मालक स्वतः.

महाराष्ट्राच्या शेतीची अर्धी कहाणी या एका शब्दाने झाकून टाकली आहे, असे मला वाटते. म्हणून हा परिचय त्या कागदाचा.

सातबारा हा मुळात एक कागद नाही, दोन आहेत. तलाठ्याच्या दप्तरात एक ते एकवीस असे गाव नमुने असतात. त्यांतला सातवा अधिकार अभिलेखाचा, म्हणजे जमीन कोणाची आणि तिच्यावर आणखी कोणाचे काय हक्क. बारावा पिकांच्या नोंदवहीचा. दोन्ही एकाच पानावर छापले जातात म्हणून सातबारा. सहावा नमुना फेरफाराचा. खरेदी, वाटणी, वारस, कर्जाचा बोजा, जे काही बदलेल ते आधी तिथे नोंदले जाते. तलाठी नोंद धरतो, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवस थांबायचे, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि तेव्हा कुठे सातबाऱ्यावर नाव चढते किंवा कमी होते. आठ-अ हा खातेउतारा. पूर्वीच्या हैदराबाद संस्थानातून आलेल्या मराठवाड्यात अजूनही जुन्या दाव्यांत १९५४-५५चे खासरा पत्रक काढावे लागते आणि गोव्यात याच कामाचा कागद ‘फॉर्म एक व चौदा’ म्हणून ओळखला जातो. पण सातबारा हा शब्द जितका आपल्या भाषेत मुरला, तितका दुसरा कोणताही सरकारी शब्द मुरला नसेल. कर्जमाफी मागायची तर शेतकरी ‘सातबारा कोरा करा’ म्हणतो.

या कागदाच्या मुळाशी सारावसुली आहे, हे विसरून चालत नाही. पेशवाई गेल्यावर पुणे भागात पहिली मोजणी प्रिंगल या अधिकाऱ्याने केली. प्रत्येक शेताचे निव्वळ उत्पन्न काढून त्यावर सारा बसवण्याचा त्याचा हिशेब कागदावर देखणा होता, पण रयतेला तो पेलला नाही. मग १८३५च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्याने सुरुवात केली. त्यांनी उत्पन्न मोजायचा नाद सोडून शेत मोजले. शंकू-साखळीने हद्दी धरल्या, मातीची खोली, पोत आणि दोष पाहून तिची आणेवारी लावली आणि तीस वर्षांसाठी आकार ठरवून टाकला. एका बैलजोडीला झेपेल एवढे शेत म्हणजे एक सर्व्हे नंबर, हे त्यांचे माप. साखळी तेहतीस फुटांची, तिचा चौरस म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. आजही आपण जमीन गुंठ्यांत बोलतो ती या मोजणीमुळे. १८४७च्या संयुक्त अहवालाने या पद्धतीला कायमचे रूप दिले.

पण त्या व्यवस्थेला एकच माणूस हवा होता : सारा भरणारा. बाकीच्यांचे हक्क नोंदवण्याची गरज मुंबई सरकारला १९०३ साली वाटली आणि तेव्हाच्या कायद्याने हक्कनोंदणी आली. गावनमुन्यांची घडी पुढे अँडरसन यांच्या मॅन्युअलने बसवली. महसूल खात्यात ते नाव आजही घेतले जाते. स्वातंत्र्यानंतर कुलकर्णी वतन गेले, पगारी तलाठी आला, १९६६चा जमीन महसूल कायदा आला. रकाने मात्र बरेचसे तेच राहिले.

आता उताऱ्यावरचा ‘आकार’ बघा. कित्येक ठिकाणी तो काही रुपये आणि पैसे एवढाच असतो. ज्या वसुलीसाठी हा कागद जन्मला ती आज नाममात्र आहे. तरीही या कागदावाचून शेतकऱ्याचे पान हलत नाही. पीककर्ज, विहिरीसाठी वीजजोडणी, ठिबकचे अनुदान, अतिवृष्टीची भरपाई, हमीभावाने तूर किंवा सोयाबीन विकणे, या सगळ्यासाठी आधी उतारा लागतो. सारा घेण्यासाठी काढलेले रकाने आता देण्यासाठी वापरले जातात, आणि घेताना ज्याला मोजले नव्हते त्याला देतानाही मोजले जात नाही.

ज्याला मोजले नाही, तो पहिला माणूस बटाईदार. अर्धलीने, खंडाने, ठोक्याने, मक्त्याने, जिल्ह्याजिल्ह्याला शब्द वेगळा, पण गोष्ट एकच. मालक नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईला, जमीन गावातल्या कोणाच्या तरी हातात. हा माणूस उताऱ्यावर का नाही? कारण १९४८चा कुळकायदा. १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरला. त्या दिवशी दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणारा कूळ तिचा मालक मानला गेला. पश्चिम महाराष्ट्रात लाखो कष्टकऱ्यांना त्याने जमीन दिली, आणि तो कायदा झाला हे फार चांगले झाले असे माझे ठाम मत आहे. पण कुळाच्या दाव्यात तलाठ्याची पीकपाहणीची नोंद पुरावा म्हणून उभी राहायची. तेव्हापासून मालकवर्गाने एक धडा घेतला : कसणारा कोणीही असो, रकान्यात ‘खुद्द’च आले पाहिजे. कसणाऱ्याला संरक्षण देण्यासाठी केलेल्या कायद्याच्या धाकाने पुढच्या पिढीतला कसणारा नोंदीतून नाहीसा झाला. मालकाशिवाय दुसऱ्याचा ताबा असेल तर तलाठ्याने चौदा नंबरच्या नमुन्यात तहसीलदाराला कळवावे, तहसीलदाराने चौकशी करून नोंद घ्यावी, असा नियम आहे. बटाईदार त्या वाटेला जात नाही. गेला तर पुढच्या पाडव्याला जमीन त्याच्याकडे राहणार नाही, हे त्याला माहीत असते.

परिणाम त्याच्या घरावर होतो. बँक त्याला दारात उभे करत नाही, म्हणून तो सावकाराकडे जातो. गारपिटीत पीक त्याचे जाते आणि भरपाई मालकाच्या खात्यात जमा होते. त्याने जीव दिला तर सरकारी मदतीच्या १ लाख रुपयांसाठी पात्र-अपात्र ठरवताना कुटुंबाच्या नावे जमीन आहे का, हे पाहिले जाते. जमीन नाही, म्हणजे शेतकरी नाही. आयुष्यभर नांगर धरलेला माणूस मेल्यावर अपात्र ठरतो. हा निकष मला कधीही पटलेला नाही.

दुसरी बाई. जुन्या नोंदींत ‘एकत्र कुटुंब मॅनेजर’ म्हणजे ए.कु.मॅ. असा शेरा असतो. थोरला भाऊ तेवढा दिसतो. अज्ञान मुलाच्या नावापुढे अज्ञान पालनकर्ता म्हणजे अ.पा.क. म्हणून आईचे नाव येते, तेही मुलगा सज्ञान होईपर्यंत. मुलींना वडिलोपार्जित जमिनीत बरोबरीचा हिस्सा महाराष्ट्राने १९९४ साली दिला, देशाने २००५ साली. वारस नोंदीत आता बहिणींची नावे लागतात खरी, पण पाठोपाठ हक्कसोडपत्राचा स्टॅम्प विकत घेतला जातो आणि माहेर तुटू नये म्हणून बहीण सही करते. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली तेव्हा गावोगावच्या शेतकऱ्यांनी आपणहून बायकोच्या नावे जमीन केली. १९९२ साली सरकारनेही परिपत्रक काढून पतीच्या अर्जावर पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून लावण्याची वाट मोकळी केली. तरी २०१५-१६च्या कृषी गणनेत देशातल्या वहितीधारकांत बायका साधारण १४ टक्के होत्या. निंदणी-खुरपणी, लावणी, कापूसवेचणी कोण करते, हे सांगायला गणनेची गरज नाही.

जमिनीचे आणि पाण्याचेही तसेच. मोजणीच्या वेळी जो खडक, मुरूम किंवा ओघळ होता तो ‘पोटखराबा’ म्हणून वजा झाला. तीन पिढ्यांनी दगड वेचून, गाळ वाहून, ताली घालून त्याचे शेत केले. उताऱ्यावर तो पोटखराबाच, म्हणजे त्या तुकड्यावर ना कर्ज, ना विमा. आता अशा वर्ग-अ पोटखराब्याची लागवडीखालील नोंद करून घेता येते. पण त्यासाठी अर्ज आणि पाहणीचे हेलपाटे आहेत. विहिरीचा हिस्सा ‘इतर हक्कां’त एका ओळीत बसतो. वाटण्या होत गेल्या तसा तिसरा हिस्सा नववा झाला, पाण्याच्या पाळ्या वाढल्या आणि विहीर तेवढीच राहिली. १९७०-७१ मध्ये राज्यातली सरासरी वहिती ४.२८ हेक्टर होती, २०१५-१६ मध्ये १.३४ झाली.

बारावा नमुना सगळ्यांत दुर्लक्षित. तलाठ्याने हंगामात शिवारात फिरून पीक पाहायचे. एकेका तलाठ्याकडे अनेक गावे, त्यात निवडणूक, पंचनामे, दाखले. चावडीत बसून मागच्या वर्षीचेच पीक पुढे ओढले जाई. १५ ऑगस्ट २०२१पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली. शेतकऱ्यानेच मोबाइलवर, शेतात उभे राहून, पिकाचा फोटो टाकून नोंद करायची. तलाठ्याने, ज्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, त्यातल्या दहा टक्के नोंदी तपासायच्या. कल्पना उत्तम आहे. आपल्या शेताबद्दल काय लिहायचे हे पहिल्यांदाच शेतकऱ्याच्या हातात आले. पण २०२३च्या कांदा अनुदानात काय झाले ते आठवा. फेब्रुवारी-मार्चमध्ये विकलेल्या लाल कांद्याला क्विंटलला ३५० रुपये, अट अशी की सातबाऱ्यावर कांद्याची नोंद हवी. लेट खरिपाचा कांदा खरीप आणि रब्बीच्या नोंदणीच्या मधोमध पडतो. बाजार समितीची विक्रीपट्टी हातात होती, उताऱ्यावर कांदा नव्हता. शेवटी गावपातळीवरच्या समितीने पाहणी करून दाखला द्यावा, अशी सवलत द्यावी लागली. बाजरीत मटकी, तुरीत मूग अशी मिसळ पेरणी करणाऱ्या कोरडवाहू माणसाचीही तीच ओढाताण. एकच मुख्य पीक लिहिणे सोपे जाते, म्हणून तेच लिहिले जाते, आणि मग त्या गावात दुसरे काही पिकतच नाही असे धरून योजना आखल्या जातात.

कसणाऱ्याची नोंद मालकीला धक्का न लावता घेता येते. आंध्र प्रदेशाने २०१९ साली कायदा करून अकरा महिन्यांचे कार्ड काढले. त्यावर कर्ज आणि विमा मिळतो, जमिनीवर हक्क सांगता येत नाही. त्यातही मालकाची संमती लागते आणि तिथेच ते अडखळते. तरी वाट आहे. आपल्याकडे मोबाइलवरच्या पीकपाहणीत एक खण वाढवणे अवघड नाही : हंगाम कोणी केला. त्या एका नोंदीवरून कूळ लागणार नाही, असे कायद्याने स्पष्ट लिहावे आणि भरपाई त्या नावावर जावी.

तोवर प्रत्येक खातेदाराने एवढे करावे. पंधरा रुपयांत डिजिटल सहीचा उतारा घरबसल्या निघतो. तो काढा, नावे मोठ्याने वाचा आणि आज सकाळी त्या शेतात कोण गेले होते ते आठवा. ती तुमची बायको असेल, तर लक्ष्मीमुक्तीचा अर्ज तहसील कार्यालयात द्या.