बापाच्या हयातीत पेटणारी यादवी

इतिहासावर बेतलेल्या बहुतेक व्हिडिओ गेममध्ये शत्रू सीमेपलीकडे असतो. सैन्य जमवायचं, शेजारचा मुलूख घ्यायचा, नकाशावर आपला रंग पसरवायचा. स्टॉकहोमच्या पॅराडॉक्स कंपनीने २००४ साली ‘क्रुसेडर किंग्ज’ काढला आणि शत्रूला घरातच आणून बसवलं. या गेममध्ये आपण देश चालवत नाही, घराणं चालवतो. राजा मेला तरी खेळ थांबत नाही. खेळाडू वारसाच्या जागी येतो. त्या क्षणी नाती फिरतात. काल जो धाकटा मुलगा होता, ज्याला आपण चांगला गुरू आणि चांगली जहागीर दिली, तो आज आपला भाऊ असतो आणि त्याचा गादीवर दावा असतो. वारसाहक्काचं राजकारण मी अनेक ग्रंथांत वाचलं आहे. पण बापाच्या मायेतून भावाच्या संशयात असं एका क्षणात ढकललं जाण्याचा अनुभव मला याच खेळाने दिला.

मालिकेचा दुसरा भाग २०१२ साली आला आणि तिसरा २०२० साली. तिसऱ्यात १५ सप्टेंबर १०६६ या तारखेपासून सुरुवात करता येते. इंग्लंडच्या गादीसाठी हॅरॉल्ड गॉडविनसन, नॉर्वेचा हॅराल्ड हार्डराडा आणि नॉर्मंडीचा विल्यम यांची झुंज त्याच हंगामातली, त्यामुळे नवखे खेळाडू तिकडे धावतात. माझ्या मते वारसाहक्काचा खरा धडा स्पेनमध्ये आहे. लिओन-कॅस्टिलचा राजा पहिला फर्डिनांड डिसेंबर १०६५ मध्ये वारला. स्वतःच्या भावाशी लढून, त्या लढाईत भाऊ पडल्यावर मोठा झालेला हा राजा. तरी मरण्यापूर्वी त्याने राज्य तीन मुलांत वाटलं : सांचोला कॅस्टिल, अल्फोन्सोला लिओन, गार्सियाला गॅलिसिया. गेम सुरू होतो तेव्हा वाटणी ताजी असते आणि तिघेही गादीवर असतात. इतिहासात पुढे काय झालं? दोघा थोरल्यांनी मिळून १०७१ मध्ये धाकट्या गार्सियाचं राज्य गिळलं. दुसऱ्याच वर्षी सांचोने अल्फोन्सोचा पराभव करून त्याला हद्दपार केलं. त्याच वर्षी बहीण उर्राका हिच्या ताब्यातल्या झामोराला वेढा घालून बसलेला सांचो मारला गेला आणि परतलेल्या अल्फोन्सोला सगळंच मिळालं. गार्सियाला त्याने १०७३ मध्ये कैद केलं; १०९० मध्ये तो कैदेतच मेला. गेममध्ये तिघांपैकी कोणीही व्हा, स्वस्थ बसायची सोय नाही. आपण हल्ला केला नाही तर भाऊ करणार, हे पहिल्याच वर्षी कळतं.

असं होण्याचं मूळ गेममधल्या वाटणीच्या कायद्यात आहे. सुरुवातीच्या काळातला ‘कॉन्फेडरेट पार्टिशन’ हा प्रकार सर्वांत जाचक. आपण एका राज्याचे राजे असताना शेजारच्या राज्याचा पुरेसा मुलूख जिंकला, तर ते दुसरं राजपद आपण मुद्दाम निर्माण केलं नसलं तरी मृत्यूनंतर आपोआप निर्माण होतं आणि दुसऱ्या मुलाकडे जातं. म्हणजे विजयी राजा जितका मोठा, तितकं मुलांच्या काळातलं भांडण मोठं. सगळं थोरल्याला देण्याचा कायदा फार उशिरा हाती येतो. तोवर उपाय काय? धाकट्याला मठात पाठवा, वारसाहक्कातून काढा, किंवा मारेकरी धाडा. इथे तिसऱ्या भागाने फार मोलाची भर घातली. कनवाळू स्वभावाच्या राजाने खून करवला की त्याच्या मनावरचा ताण वाढतो आणि तो खचत जातो. शिवाय गुपित फुटलं तर आप्तघातकी हा शिक्का कायमचा. नव्या राजावर सरदारांचा विश्वास बसायलाही वर्षं जातात. तेवढ्यात कोणी स्वातंत्र्य मागतो, कोणी राजाच्या भावाला पुढे करतो. अशा नाराज सरदारांचा गट पुरेसा बलवान झाला की निर्वाणीचा खलिता येतो आणि यादवी सुरू होते. तिची तयारी मात्र जुन्या राजाच्या हयातीतच झालेली असते. हे या गेमला जितकं नेमकं उमगलं आहे, तितकं दुसऱ्या कुठल्या गेममध्ये मला दिसलेलं नाही.

२०१४ च्या ‘राजाज ऑफ इंडिया’ या एक्स्पान्शनने दुसऱ्या भागात भारताचा नकाशा आणला. तिसऱ्यात तो पहिल्यापासूनच आहे. १०६६ साली कल्याणीच्या गादीवर चालुक्य सोमेश्वर पहिला होता आणि आजच्या महाराष्ट्राचा मोठा भाग त्याच्या सत्तेखाली होता. १०६८ मध्ये, आजाराला कंटाळून त्याने तुंगभद्रेत देह ठेवला. थोरला सोमेश्वर दुसरा गादीवर आला; कर्तबगार मधला भाऊ विक्रमादित्य त्याच्याशी फटकून राहिला. मांडलिक फुटले, सेऊणदेशचे यादव विक्रमादित्याकडे झुकले, सोमेश्वराने चोळांशी हातमिळवणी केली. १०७६ मध्ये विक्रमादित्याने थोरल्याला कैदेत टाकून स्वतःच्या नावाचा शक सुरू केला. साथ दिलेला धाकटा जयसिंह पुढे त्याच्यावरच उलटला. विक्रमादित्याच्या दरबारातला कवी बिल्हण सांगतो की बापाला विक्रमादित्यच युवराज हवा होता, पण त्यानेच थोरल्याचा मान राखला. विजेत्याच्या पदरचा कवी दुसरं काय लिहिणार? तरीही कॅस्टिल आणि कल्याणी यांत हजारो कोसांचं अंतर असून एकाच दशकात तीन-तीन भावांची सारखीच कथा घडली. दोन्हीकडे तोच कायदा लावणारा गेम त्यामुळे अगदी परका वाटत नाही.

पॅराडॉक्सचाच ‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’ ११ नोव्हेंबर १४४४ पासून सुरू होतो. त्यात माणसांपेक्षा राष्ट्रं महत्त्वाची, म्हणून वारसाचं दुखणं बरंचसं आकड्यांत उरतं. अपवाद तैमुरी साम्राज्याचा. त्याचा म्हातारा सम्राट शाहरुख जाताच मांडलिक निसटू पाहतात. प्रत्यक्षात तो १४४७ मध्ये गेला आणि समरकंदला वेधशाळा उभारणारा त्याचा मुलगा उलुगबेग दोनच वर्षांत स्वतःच्या मुलाच्या हुकुमाने मारला गेला.

या सगळ्या खेळांत एक उणीव मला सलते. यादवीत गावं जळतात, रयत परागंदा होते. गेममध्ये मात्र हे नुकसान कमी झालेल्या उत्पन्नाच्या आकड्यापलीकडे फारसं जाणवत नाही.

आणि आपल्या दृष्टीने दुसरी. २००९ च्या ‘एम्पायर : टोटल वॉर’मध्ये मराठे खेळायला मिळतात आणि खेळ १७०० पासून सुरू होतो. त्याच वर्षी मार्चमध्ये राजाराम महाराज सिंहगडावर निवर्तले आणि त्यांच्या राणी ताराबाईंनी आपल्या मुलाला गादीवर बसवून औरंगजेबाशी झुंज चालू ठेवली. गेममध्ये राजा जातो, वारस बसतो, लढाया पुढे चालतात. दोन गाद्यांचा तिढा उभाच राहत नाही. प्रत्यक्षात औरंगजेबाच्या मृत्यूनंतर १७०७ मध्ये राजारामांचे पुतणे शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले आणि गादीवर हक्क सांगू लागले, तेव्हा ताराबाईंचे सेनापती धनाजी जाधव खेडच्या लढाईत शाहूंच्या बाजूला गेले. कान्होजी आंग्रे ताराबाईंच्या बाजूला राहिले आणि पुढे शाहूंचे पेशवे बाळाजी विश्वनाथांनी त्यांना वळवलं. १७१४ मध्ये कोल्हापुरात सवत राजसबाईंनी ताराबाईंना कैद करून आपल्या मुलाला, संभाजीराजांना, गादीवर बसवलं. सरदाराने कुणाला धनी मानायचं, हा प्रश्न तिथे प्रत्येक गडावर नव्याने विचारला जात होता. ‘क्रुसेडर किंग्ज’चे गट आणि दावे घेऊन कोणी हा काळ उभा केला तर मी ताराबाईंच्या बाजूने बसेन आणि धनाजींचं मन राखण्यापासून सुरुवात करेन. शाहूंचं सातारा आणि संभाजीराजांचं कोल्हापूर यांची हद्द ठरवणारा वारणेचा तह व्हायला १७३१ साल उजाडलं होतं.